भाड्याने द्यायच्या घरातला ओटा

नवऱ्याच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं, तेव्हा मी घरात सांगितलं की मला स्वयंपाकघर तोडून नवं करायचं आहे. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "आपण तं इथून चाललो ना. आता काहून?"

प्रश्न बरोबर होता. जरीपटक्याच्या बाजारामागचं आमचं हे घर आम्ही लवकरच सोडणार होतो. हे सावनेरकडच्या एका कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून. सगळी नोकरी बसनं जाऊन-येऊन केली. सावनेरच्या अलीकडे सासऱ्यांनी ठेवलेलं शेत आहे, शेताला लागून दोन खोल्या आहेत. निवृत्त झाल्यावर तिथं राहायचं, संत्र्याची कलमं लावायची, हे ह्यांच्या मनात कधीपासून होतं आणि मलाही ते पसंत होतं. नागपूरचं घर भाड्यानं द्यायचं. त्या भाड्यावर आमचा किराणा, औषधं, लाइटबिल चालायचं होतं. पेन्शन हातात काय येणार होती ते आम्हाला ठाऊक होतं.

"चाललो म्हणूनच," मी म्हटलं. "ह्या स्वयंपाकघरासाठी कोणी भाडं देईल का, तुम्हीच सांगा."

ह्यांनी मान वळवून आत पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातली. त्यांनी त्या खोलीकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. पाहण्यासारखं तिथं काही नव्हतंही. मी अंगानं उंच, आणि ओटा माझ्या मांडीच्या जरासा वर. आधीच्या मालकाकडे कोण त्यावर स्वयंपाक करायचं कोण जाणे. मी आले तेव्हापासून वाकूनच पोळ्या लाटल्या. खिडकी एकच आणि ती पश्चिमेला, ओटा तिच्या खालीच. एप्रिल लागला की दुपारनंतर तिथं उभं राहवत नसे. दिवा पाठीमागच्या भिंतीवर, त्यामुळे परातीत कणकेवर आपलीच सावली. भांडी घासायची मोरी खाली कोपऱ्यात, आणि तिच्या भिंतीला बारा महिने ओल. त्या भिंतीच्या पलीकडे झोपायची खोली. तिथला रंग दर दिवाळीला लावायचा आणि होळीपर्यंत तो पोपडे धरायचा.

पैसे माझे होते, हे इथं सांगायला हवं. गांधीबागेतल्या एका ठोक दुकानातून मी साड्या आणते, फॉल-पिको करून परत नेऊन देते. लग्नसराईत मशीन दिवसभर चालते. त्यातून बँकेत टाकत गेले होते. त्या पैशांच्या सोन्याच्या पाटल्या करायच्या, असं घरात ठरलेलं होतं. म्हणजे मी ठरवलं नव्हतं, पण सगळे तसंच बोलत.

रविवारी ह्यांचे मोठे भाऊ आले, माझे भासरे. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या. भाडेकरूंचा त्यांना दांडगा अनुभव, आणि त्या विषयात आमच्याकडे त्यांचाच शब्द शेवटचा. आमच्या घरात भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाहीत. मी समोर पोहे घेऊन उभी असले तरी ते माझ्याबद्दल ह्यांच्याशीच बोलायचे.

"हे पाय गा," ते ह्यांना म्हणाले, "भाडं कशाचं येते? एरियाचं येते. नळाला पाणी किती वेळ येते, गाडी कुठं लावाची, त्याचं येते. ओट्याचं भाडं कोणी देत नाही. चुना मार, नळ बदलव अन् बोर्ड लाव."

"ती म्हणते..."

"तिले म्हण, पाटल्या कर. सोनं वाढते. ग्रॅनाइट वाढते का? भाडेकरू त्याच्यावर नारळ फोडते. दोन वर्षांत तुह्या ओट्याचे तुकडे होतीन अन् तू माह्याकडे रडत येशीन."

पोहे छान झाले आहेत असंही त्यांनी ह्यांनाच सांगितलं आणि गेले.

मला राग आला नाही असं नाही. पण ते सांगत होते ते खोटं नव्हतं. त्यांच्या खोल्यांतून किती कुटुंबं आली-गेली हे मी पाहिलं होतं. फुटलेल्या फरशा, उखडलेले नळ, भिंतीत ठोकलेले खिळे, सगळं पाहिलं होतं. दर उन्हाळ्यात त्यांच्या दारावर बोर्ड लागायचा. मला एवढंच कळत नव्हतं, की ती माणसं जात का होती. गाडीला जागा होती. पाणी होतं. तरी जात होती.

आमच्या समोरच्या घरात माझी मैत्रीण राहते. ती पण फॉल-पिको करते, आम्ही साड्या आणायला बरोबरच जातो. मी तिला म्हटलं, "चाल वं, आपण भाड्याचे घरं पाहून येऊ."

"कोणासाठी?"

"आपल्यासाठीच. दोघी बहिणी राहणार म्हणून सांगू."

ती हसली, पण आली. दोन-तीन रविवार आम्ही ज्या ज्या घरावर 'भाड्याने देणे आहे' दिसलं, त्या त्या घरात गेलो. मालक विचारायचे, किती जण राहणार, नॉनव्हेज खाता का, पाहुणे किती येतात. मैत्रीण तर इतकी सराईत झाली, की एका घरात तिनं भाडं कमीसुद्धा करून घेतलं आणि मग आम्हाला तिथून पळ काढायला वेळ लागला.

एका घरात आमच्या बरोबरीनंच एक कुटुंब आलेलं होतं, नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी. नवरा मालकाबरोबर बाहेर गेट पाहत होता, स्कूटर कुठं आणि सायकल कुठं. बायको सरळ आत गेली. आम्ही तिच्या मागे. ती ओट्यापुढे उभी राहिली. तिनं नळ उघडला, बंद केला. खालच्या कप्प्यात वाकून पाहिलं. मग दोन्ही हात ओट्यावर ठेवून पोळी लाटल्यासारखे पुढे-मागे केले. दोनदाच. नवरा आत येऊन म्हणाला, "गाडी मस्त बसते." तिनं पदर खोचलेला सोडला आणि म्हणाली, "चला, दुसरं पाहू." तो विचारत होता, काय वाईट आहे. तिनं काही सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "तिचं कंबरडं मोडलं असतं इथं."

"हो," मी म्हटलं. "अन् तिच्या नवऱ्याले समजलंच नाही, घर काहून नापास झालं."

भासऱ्यांच्या खोल्यांचे ओटेही असेच बुटके आहेत, हे मला आठवलं. मी दुसऱ्या दिवशी बँकेत गेले.

पण भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर करायचं म्हणजे आपल्या हौसेचं करून चालत नाही, हे मला त्या घरं पाहण्यातूनच कळलं होतं. एका दुकानात मी गेले, तिथल्या तरुणानं मला कॉम्प्युटरवर लाल चकचकीत मॉड्युलर स्वयंपाकघर दाखवलं. ट्रॉल्या, आपोआप मिटणारे दरवाजे, काचेची कपाटं. अमरावतीला दिलेली माझी मुलगी फोनवर म्हणत होती, हेच कर. मी त्याला विचारलं, "ट्रॉलीत कोणी पोळपाट कोंबला अन् ती वाकडी झाली तर?" तो म्हणाला, आमचा माणूस येतो. मी उठले. सावनेरला बसून मी कोणाकोणाला फोन करत बसू? शिवाय प्लायवूडला पाणी लागलं की ते फुगतं आणि आमच्या भागात वाळवी आहे.

मी ठरवलं ते साधं होतं. खाली कडप्प्याच्या फळ्या, त्यांना अॅल्युमिनियमचे दरवाजे. वर ग्रॅनाइट, गडद रंगाचं, हळदीचा डाग न दिसणारं. ओटा पश्चिमेकडून उचलून पूर्वेच्या भिंतीला न्यायचा आणि त्या भिंतीत मोठी खिडकी काढायची. मोरी बंद, त्याऐवजी खोल सिंक, ज्यात कुकर आडवा मावेल. दिवा ओट्याच्या वर. मिक्सर, फ्रिज, पाण्याचं मशीन, प्रत्येकाला आपला प्लग, म्हणजे कोणी वायरी ओढणार नाही. एका कोपऱ्यात माठासाठी जागा, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात फ्रिज असला तरी माठ लागतोच. आणि मागच्या भिंतीला वर्षाच्या गव्हाच्या कोठ्या राहतील एवढी मोकळी जागा.

दिवाळीनंतर काम काढलं. मिस्त्रीनं भिंतीवर खडूनं ओट्याची उंची आखली. मी त्याला थांबवलं. तिथंच विटा रचून वर फळी ठेवायला लावली, पोळपाट आणला आणि उभी राहून एक पोळी लाटली. वीट काढली, पुन्हा लाटली. वीट वाढवली, पुन्हा लाटली.

"बाई, सगळ्याइकडे एकच माप राहते," तो म्हणाला.

"म्हणूनच सगळ्या बाया कंबर धरून राहतात," मी म्हटलं आणि खडूची रेघ वर सरकवली.

मागच्या अंगणात गॅस ठेवून मी स्वयंपाक करत होते. थंडीचे दिवस होते, उन्हात बसून भाजी चिरायला बरंच वाटत होतं. जुना ओटा फुटला तेव्हा मी मुद्दाम जवळ उभी होते. पहिल्या घणाला त्याचा काळा दगड दुभंगला आणि मला इतकं मोकळं वाटलं, की मी मिस्त्री आणि त्याच्या जोडीदारासाठी लगेच चहा टाकला.

मग मोरी फोडली आणि खरी गोष्ट बाहेर आली. मोरीखालचा पाइप कधीचा फुटलेला होता. पाणी बाहेर न जाता सगळं जमिनीत आणि भिंतीत जात होतं. खालची माती चिखल झालेली. भिंतीचं प्लास्टर हातानं निघत होतं. मिस्त्री म्हणाला, आता नुसता ओटा नाही, पाइप बाहेरच्या चेंबरपर्यंत नवा टाकावा लागेल, भिंत खरवडून पुन्हा करावी लागेल.

हे संध्याकाळी आले आणि त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. डबा अजून हातातच होता.

"थांबवू का?" ते म्हणाले. "हे बुजवून टाकू. वरून फरशी लावू. दादा म्हणतच होता."

"बुजवलं तं काय होईन? पाणी थांबन का?"

"आपण तं सावनेरले राहू."

"आपण सावनेरले राहू, पण भिंत इथंच राहीन ना," मी म्हटलं. "दोन वर्षांनी भाडेकरू फोन करन की काकाजी, भिंत पडून राहिली. मंग कोण येईन?"

ते डबा ओट्यावर ठेवायला वळले, तर ओटाच नव्हता. मग आम्ही दोघंही हसलो. त्या रात्री जेवताना त्यांनी स्वतःहून विचारलं, पैसे पुरतात का. मी म्हटलं, लग्नसराई आहे, जास्त साड्या आणते. त्या हंगामात मी पहाटेपासून मशीनवर बसले. गांधीबागेतला दुकानदार म्हणाला, बाई, हात जरा सावकाश चालवा. मी म्हटलं, तुम्ही गठ्ठे द्या.

पाइप झाला. भिंत झाली. संक्रांतीच्या आत स्वयंपाकघर उभं राहिलं. पहिल्या सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन सरळ ओट्यावर आलं. मी ताठ उभी राहून पोळ्या केल्या. शेवटची पोळी झाल्यावर सवयीनं कमरेवर हात गेला. कंबर दुखत नव्हती. मी हात तसाच ठेवून थोडा वेळ उभी राहिले.

लोक म्हणायचे, भाडेकरूसाठी एवढा खर्च केला. मी म्हणायचे, पहिली भाडेकरू मीच. आणि ते खरंच होतं. निवृत्तीपर्यंतचे ते दिवस मी त्या घरातले सगळ्यात सुखाचे दिवस म्हणून सांगेन. आधी त्या खोलीत दुसरा माणूस उभा राहूच शकत नसे. आता हे बसमधून उतरून हात धुऊन सरळ आत यायचे आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून मेथी निवडायचे. एकदा म्हणाले, फोडणी मी देऊ का. मोहरी जळली. पुढच्या वेळी जळली नाही. हळूहळू रविवारची भाजी त्यांच्याकडे गेली. एवढ्या संसारात आम्ही बोललो नसू इतकं त्या ओट्यापाशी बोललो. संत्र्याच्या कलमांत अंतर किती ठेवायचं, मुलीच्या सासरी काय चाललंय, सगळं तिथंच.

पुढची दिवाळी आली तेव्हा झोपायच्या खोलीचा रंग जसाच्या तसा होता.

निवृत्ती झाली, आम्ही सावनेरला गेलो आणि दारावर बोर्ड लावला. दलालाकडे किल्ली दिली. मला वाटलं होतं, आठवड्यात घर भाड्यानं जाईल.

घर गेलं नाही. दलाल फोन करून सांगायचा, आज अमुक आले, तमुक आले. कॉलेजची पोरं आली, त्यांनी इंटरनेट विचारलं. एक जोडपं आलं, ते म्हणाले आमचं जेवण बाहेरूनच येतं. एकाला वरचा मजला हवा होता. "मॅडम, किचनचं कोणी नावच काढत नाही," दलाल म्हणाला. "भाडं थोडं उतरवा." एक महिना गेला, दुसरा अर्धा झाला. शेतात खर्च सुरू झाला होता. हे रोज संध्याकाळी हिशेब तोंडी करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून करायचे. आपण चुकलो की काय, हा विचार माझ्या मनात तेव्हा येऊन गेला. पण मी तो बोलून दाखवला नाही.

मग भासऱ्यांचा फोन आला. त्यांनी ओळखीतला एक कपड्याचा व्यापारी आणला होता. त्याला गोदाम म्हणून घर हवं होतं. भाडं कमी, पण वर्षाचं एकदम द्यायला तयार.

"दादा म्हणते, होकार दे," हे म्हणाले. "माणूस ओळखीचा आहे."

"माल कुठं ठेवणार तो?"

"सगळ्याच खोल्यांत ठेवन."

"ओट्यावर?"

ह्यांनी फोन खिशात घातला.

"मले एक महिना द्या," मी म्हटलं. "घर मी दाखवते. महिन्यात नाही गेलं, तं तुम्ही त्याले द्या, मी काही म्हणणार नाही."

दलाल घर कसं दाखवत होता, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. पंखा लावायचा, बाथरूमचा नळ सोडायचा, आणि स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं बोट दाखवून म्हणायचा, "हे किचन." रिकामं, बंद खिडकीचं, धूळ बसलेलं. कोणाला काय कळणार? मी किल्ली परत घेतली. ग्रॅनाइट पुसलं, खिडकी उघडली, सिंक घासलं. मैत्रिणीकडून शेगडी आणि सिलिंडर आणलं, एक पातेलं, काही कप. माठ भरून त्याच्या कोपऱ्यात ठेवला. आणि घर पाहायला जो कोणी येईल त्याला मी आधी आत बोलवायचे आणि चहा टाकायचे.

सावनेरहून बस, मानकापूरला उतरून ऑटो, असं दर रविवारी. हवेत आग होती. पण लोक थांबायला लागले. आधी दलालाबरोबर पाच मिनिटांत निघून जायचे, ते आता चहा घेईपर्यंत ओट्याशी टेकून उभे राहायचे. बायका खालचे दरवाजे उघडून पाहायच्या. एक आजी म्हणाली, "इथं तं लग्नाचे लाडू होतीन." त्यांना घर परवडत नव्हतं, पण ती आजी जाताना माझ्या हाताला हात लावून गेली.

तिसऱ्या रविवारी एक जोडपं आलं. मूळचे चंद्रपूरकडचे. ती रेल्वेत तिकीट तपासनीस, गणवेशातच आली होती, ड्युटी संपवून सरळ. तो घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारा. चांगलाच उंच. दारातून येताना त्याची मान आपोआप खाली गेली.

मी पातेलं गॅसवर ठेवत होते. तो ओट्याजवळ आला, हात टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, चहा मी ठेवू का?"

मी बाजूला झाले. त्यानं पाणी घेतलं, आलं ठेचलं, साखरेचा डबा स्वतःच शोधला. एका हातानं खालचं दार उघडून बंद करून पाहिलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. त्याची बायको माठाच्या कोपऱ्याशी टेकून उभी होती. तिचे डोळे मिटायला आले होते.

"घरी स्वयंपाक हाच करते," ती मला म्हणाली. "माहं काही खरं नाही. आज इथं, उद्या इटारसी. आल्यावर मले गरम पोळी मिळाली पाहिजे, बस."

"अन् आताच्या घरात?"

"आताच्या घरात ओटा ह्याच्या गुडघ्याले लागते," ती म्हणाली. "पाठीचा पट्टा लावून पोळ्या करते हा. डॉक्टर म्हणे, वाकू नका. आम्ही किती घरं पाहिले, काकू. सगळीकडे तेच."

तो चहा गाळत होता. पाठ सरळ. त्यानं मागे न वळताच विचारलं, "हा ओटा कोणी बांधवला?"

"मी," मी म्हटलं. "पोळी लाटून लाटून माप घेतलं."

तो वळला. मग त्यानं पहिला कप मला दिला.

भाडं किती म्हणून तिनं विचारलं. दलाल जे सांगत होता ते तर नाहीच, गल्लीतल्या दरापेक्षाही थोडं जास्त मी सांगितलं. मी कशी काय तेवढं बोलले, मला माहीत नाही. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती म्हणाली, "देऊ. पण आमची एक अट आहे. अकरा महिन्यांनी आम्हाला काढाचं नाही. मागच्या दोन्ही मालकांनी काढलं."

मी म्हटलं, जोवर ओट्यावर नारळ फुटत नाही तोवर कोणी काढत नाही. तिला ते काय ते कळलं नाही, पण ती हसली.

अंगणात येऊन मी ह्यांना फोन केला. घर गेलं म्हणून सांगितलं. भाडं सांगितलं. त्यांनी भाडं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग हे म्हणाले, "दादाच्या माणसाले मी नाही म्हणून सांगतो."

"सांगा."

"अन् आता तू जेवून घे कुठं तरी. येताना समोसे आण."

त्या दिवशी मी बसमध्ये खिडकीची जागा मिळवली आणि समोशांची पिशवी मांडीवर घेऊन पूर्ण रस्ताभर स्वतःशीच हसत आले.

आता त्याला काही वर्षं झाली. तेच जोडपं अजून राहतं. घर एक दिवस रिकामं राहिलेलं नाही. मला कोणी विचारतं, की भाड्यानं द्यायच्या घरात स्वयंपाकघर नवं करावं का, पैसे निघतात का. मी खरं ते सांगते. भाडं त्यामुळे वाढतं, पण फार नाही. भासरे म्हणाले होते ते त्यापुरतं बरोबरच होतं, की भाडं एरियाचं येतं. पण माणूस टिकतो तो ओट्यानं टिकतो. रिकाम्या घराचे महिने वाचतात, दलालाचे पैसे वाचतात, दर वर्षीचा चुना वाचतो, आणि फुटका पाइप भिंत खात बसत नाही. असं सगळं वाचत वाचत माझा खर्च निघाला. मागच्या साली पाटल्याही केल्या. लाल चकचकीत ट्रॉल्या घातल्या असत्या तर निघाला नसता, हेही मी सांगते. आणि करायचंच तर सोडून जायच्या आधी करा, आपणही त्यात थोडं राहा. जाताना परक्यासाठी करण्यात काय मजा?

मध्यंतरी भासरे सावनेरला आले होते. संत्र्याची झाडं पाहिली, जेवण झालं. अंगणात खाटेवर बसले. वरच्या खोल्या पुन्हा रिकाम्या झाल्या, असं ते ह्यांना म्हणाले. मी सुपारी घेऊन आले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहून बोलले.

"सूनबाई, माह्याकडचा ओटा एक दिवस पाहून जा. किती उचलावा लागन, ते सांग."

हे दुसरीकडे तोंड करून खोकले. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, "येते, भाऊजी. पोळपाट तेवढा काढून ठेवा."

त्यांच्याकडे जाऊन मी माप काढून दिलं. आमच्या नागपूरच्या गल्लीत आणखी दोन घरांतही माप काढून दिलं. मिस्त्री आता माझ्याकडेच माणसं पाठवतो.

गेल्या महिन्यात करारनाम्याचं नूतनीकरण होतं. सह्या झाल्यावर मी निघाले, तर भाडेकरूंनी जाऊ दिलं नाही. ती म्हणाली, आज सुटी आहे, जेवूनच जा. खिडकीपाशी त्यांनी एक छोटं टेबल टाकलं आहे. तिथं मला बसवलं. ओट्यावर तो पाटवडी रस्सा करत होता, आणि ती शेजारी उभी राहून कांदा चिरत कालच्या गाडीतल्या कोण्या प्रवाशाची गोष्ट सांगत होती. मी दोनदा उठायला गेले. दोन्ही वेळा तिनं खांद्याला धरून बसवलं.

मग लक्षात आलं, की ह्या खोलीत मी बसून कधी जेवलेच नव्हते. सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी उभ्यानं किंवा बाहेरच्या खोलीत काहीतरी खाऊन घ्यायचं, अशीच सारी वर्षं गेली. आता माझ्या ताटात कोणी तरी गरम भाकरी टाकत होतं. रस्सा तिखट होता, अगदी आपल्याकडचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. ग्रॅनाइटवर एकही ओरखडा नव्हता.

"काकू, अजून देऊ?" तो म्हणाला.

सावनेरची बस सुटायला वेळ थोडाच होता. मी ताट पुढे केलं.